झाकणबंद विमान

लाडके,

असं म्हणायचा हक्क आता दुसऱ्याचा आहे, पण हे पत्र टपालात पडणारच नाही, तेव्हा चालेल.

तू नाही म्हणालीस, त्या रागात कॉलेज सोडून मी या लढाईत शिरलो. इथे विमान शिकवणाऱ्या साहेबांना उलट बोललो, म्हणून त्यांनी मला तळावरच्या एका शेडमध्ये बसवलं. शेडमध्ये झाकणबंद लाकडी विमान आहे. ते जागेवरच डोलतं. शिकाऊ पोराने आत अंधारात नुसते काटे बघून ढगातून वाट काढायची आणि मी बाहेरून निकाल लिहायचा.

काल त्यात तुझा होणारा नवरा बसला. दर खेपेला नकाशावरच्या डोंगरावर आपटला. झाकण उघडून हसत म्हणाला, "अरे मास्तर, खोकंच तर आहे. कोण मरतंय?"

पास केलं असतं तर तो लगेच खऱ्या ढगात गेला असता. खोटं कशाला बोलू, क्षणभर हात 'पास' लिहायला वळलाही. मग तुझा चेहरा आठवला आणि मी नापास लिहिलं.

"जळतोस लेका!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "तिने नाकारलं त्याचा सूड उगवतोस!"

मी चक्क गप्प बसलो.

नापास पोराला इथून घरी धाडतात. आता तो येईल, तुला हेच सांगेल आणि तुला ते पटेल. खरं कळवायचं तर त्याचा कच्चेपणा लिहावा लागेल, आणि तुझ्यासमोर त्याची मान खाली जावी असं मला वाटत नाही. तेव्हा दे मला मनसोक्त शिव्या. त्या ऐकायला तो तुझ्यासमोर धडधाकट बसलेला असेल.

तू ठेवलेल्या नावाचाच,
आगपेटी