चेहरा सोडून

सोमवार, ३ तारीख
पोहोचलो एकदाचे. खोली झकास आहे: दोन खाटा, एक खिडकी, खिडकीतून स्टुडिओचं पत्र्याचं छप्पर. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. सिनेमाची नायिका आहे ती, माझ्यासाठी ठकीच. सोबतीला म्हणून सुनेनं मला धाडलं. पोरीला राखण झाली, सुनेला मोकळा श्वास. ठकी म्हणते, हे कशाला लिहायचं? म्हटलं, निमूट लिही.

मंगळवार, ४
सिनेमा म्हणजे नुसतं बसणं. दिवे हलवतात, आपण बसायचं. कॅमेरावाले दादा भले. त्यांनी छोट्या पडद्यासमोर खुर्ची दिली. कॅमेऱ्याला दिसतं ते तिथे दिसतं. नायक आला की अख्खा येतो, दारखिडक्यांसकट. ठकी आली की पाऊल, पोटरी, कंबर, मानेचा खळगा. चेहऱ्याची पाळी येईस्तोवर जेवणाची सुट्टी. मी विचारलं, दादा, भाजी निवडताय का? ते हसले. म्हणाले, आजी, बाईला सगळे असंच घेतात.

गुरुवार, ६
काल दिवसभर नुसते घोटे घेतले. आज ठकीच्या पायावर उकळता चहा सांडला. फोड आला, पण तिला पत्ताच नाही. ती आपली विचारतेय, कप कुठे गेला? डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचून पाहिली. म्हणाल्या, दमणूक आहे, झोप काढा. सांगायला त्यांचं काय जातंय.

शनिवार, ८
काल कंबर घेतली. आज परकराची नाडी मी बांधली, तिला घट्ट-सैल कळेना. पायऱ्याही खाली बघत बघत उतरते. मी कमरेवर गार हात ठेवला आणि विचारलं, लागतोय का? म्हणाली, ठेव तर आधी.

मंगळवार, ११
आता उलगडलं. मानेचं चित्रण आरशासमोर झालं होतं, चेहरा आरशात होता. मान शाबूत आहे. चेहऱ्यासकट घेतलं ते तिचं राहिलं. चेहरा सोडून घेतलं ते कॅमेऱ्याचं झालं.
दुपारी ठकी माझ्याशेजारी पाय पोटाशी घेऊन बसली होती, आणि छोट्या पडद्यावर तिचे घोटे चालत होते. दादा म्हणाले, बुधवारचंच आहे. बुधवारी ते मधेच थांबले नव्हते. माझ्याकडे वळले नव्हते.

बुधवार, १२
दिग्दर्शक साहेबांना विनवलं, पोरीला चेहऱ्यासकट घ्या. ते म्हणाले, चेहरा आला की लोक विचार करत बसतात. दादा भिंगच पुसत राहिले.
मी म्हटलं, ठके, घरी चल.
ती म्हणाली, "माझं सगळं इथेच ठेवून, आजी?"
तिला वाटतं, सिनेमा पुरा झाला की सगळं परत मिळेल. मला वाद घालायचंही त्राण नाही.

शुक्रवार, १४
पाठ गेली. उजवा खांदा गेला. मी सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. दादांनी छोटा पडदा माझ्याकडे वळवला. त्यात भिंत होती, खुर्ची होती. मी नव्हते. म्हातारी बाई त्याला दिसतच नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, तरुण असते तर पोरीऐवजी—

शनिवार, १५
सेटवरच सांगतेय. साहेबांनी ठकीला हे लिहिताना पाहिलं. हा हात हवा म्हणाले. लिहीत राहा, मान वर नको.
दिवा आणला. दादा जवळ येताहेत.
ठके, खाली वाक. गाल कागदाला लाव. चेहरा हाताजवळ—
अजून जवळ आले. लिहू नकोस. पेन्सिल टाक. मी म्हणतेय ते लिहू नकोस—
तू तर माझ्याकडे बघतेयस. ठके, मग हे लिहितंय को