बायकांकडची भिंत

१२ मार्च १९९४

आजपासून खात्यासाठी जुन्या चर्चांची मोजणी. आधी खालच्या आळीचं चर्च, मग वरच्या आळीचं, म्हणजे आमचं. दोन्ही लाकडी, दोन्ही तातारांच्या धाडीनंतर उभारलेली. खालच्यांचं कोपऱ्यांचं काम जास्त सफाईचं. हे आईला कळलं तर जेवायला घालणार नाही!

पण खालच्यांनी शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या खोलीची भिंत कापली. तिथल्या बायकांना आता वेदीपर्यंत सगळं दिसतं. आमची भिंत शाबूत. पुढच्या दालनात पुरुष, मागे बायका, मध्ये बुटकं दार आणि वीतभर जाळ्या दोन. अशी भिंत आसपास कुठेच उरलेली नाही. हरखून गेले मी!

१३ मार्च

आईला कळलंच. "कोपरे सफाईचे म्हणे! त्यांचा मनोरा बघ आधी. टोपी घसरलेला दारुडा!"

१९ मार्च

पाद्रीबाबा सिमियोन घरी आले. ईस्टरच्या आत भिंत कापा, अशी बायकांची मागणी. सगळ्यांच्या पुढे कोण? आई! "सुतार तयार आहे. तुझ्या खात्याने हो म्हणायचा अवकाश," म्हणाले. म्हणजे मीच हो म्हणायचं.

जेवताना आईशी वाजलं. "साठ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर नरक," म्हणाली. खोटं नाही. बायकांच्या खोलीत चारी भिंतींवर नरकाची चित्रं: भुतं, उकळत्या कढया, शेजाऱ्यांच्या गाईंचं दूध चोरणारी, उलटी टांगलेली बाई. आणि पुरुषांच्या डोक्यावर छतभर रंगवलेली स्वर्गातली बाग! "लग्नात उभी होते की पुढच्या दालनात. पण मान खाली. काय दिसलं? तुझ्या बापाचे बूट!"

हसू आलं, मग रडू. तिचं दुखणं किती पुढे गेलंय ते डॉक्टरांनी मला सांगितलंय. तिला मी सांगितलेलं नाही. पण तिला कळलं असणार.

२६ मार्च

म्हटलं, आई, चल, आत्ता चर्चमध्ये चिटपाखरू नाही, बाग दाखवते तुला. तर म्हणे, "चोरासारखी जाऊ? मेणबत्त्या पेटलेल्या असताना बघायचीय मला. सगळ्यांदेखत." हट्टी बाई!

मी खुशाल आत जाते, कोणी ब्र काढत नाही. हातात मोजायची टेप असली की मी बाई नसते.

२ एप्रिल

शहरात साहेबांना अहवाल धाडला. खालचं चर्च: बांधणी सरस, पण भिंत कापल्यामुळे मूळ रूप गेलं. वरचं: साधं, पण अखंड. भिंतीला हात लावू नये.

जे खरं तेच लिहिलं. लाकूड एकदा कापलं की कापलं. तरी पाकीट दोनदा उघडून पुन्हा वाचलं.

३ एप्रिल

आईला सांगितलं. ती घेवड्याचं सूप ढवळत होती. उपासाचे दिवस, त्यात दुसरं काय असणार. "बरं," म्हणाली. ताट वाढून दिलं आणि म्हणाली, "टिको बाई तुझी भिंत."

भांडली असती तर परवडलं असतं.

९ एप्रिल

आईने अंथरूण धरलं. शेजारची नास्ताका लापशी घेऊन आली. जाताना दारातच म्हणाली, "आक्सेनिया, तुला माणसापेक्षा लाकूड मोठं का गं?"

११ एप्रिल

शहरात फोन केला. म्हटलं, साहेब, माझा अहवाल मागे घेते, भिंत कापायला परवानगी द्या. ते म्हणाले, "अहो, एवढा चांगला अहवाल! भिंत आता संरक्षित झाली. अभिनंदन!"

आईला नाही सांगितलं.

१७ एप्रिल

पहाटे आई गेली.

१९ एप्रिल

आज आईला पुढच्या दालनात नेलं. शवपेटी उघडी, चेहरा वर, बरोबर बागेखाली. मेणबत्त्या पेटलेल्या, सगळ्यांदेखत. डोळे मिटलेले.

मी मागे, बायकांत. जाळीतून कुणाची तरी पाठ दिसत होती. आई दिसली नाही. आज हातात टेप नव्हती.