मांडीवरचा डाग

९ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

आम्ही बरे आहोत. छकुलीला सहावा महिना लागला, पालथी पडते. तुमचं शिवणकाम जोरात असेल. तिच्या मांडीवरच्या डागाचं निदान झालं, ते कळवायचं होतं.

तुमचा भाऊ म्हणतो, दोन ओळी लिही आणि मोकळी हो. दोन ओळींत भागणारं नाही.

मी कामावर रुजू झाले तेव्हा तुम्ही शिलाई मशीन उचलून छकुलीसाठी आमच्याकडे राहायला आलात. तिसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी परतले, तर त्या मसुराएवढ्या तांबूस डागावर फोड, आणि शेजारच्या टेबलावर तुमची इस्त्री तापलेली. मनात पाल चुकचुकली. तुम्ही म्हणालात, "मला खरंच माहीत नाही गं." तेच मला खटकलं. मग मी अवेळी घरी येऊ लागले, दाराला कान लावू लागले, डागाचे फोटो काढू लागले. तुम्ही तिला उचललंत की माझे डोळे तुमच्या हातांवर. शेवटी तुमच्या भावासमोर मी इस्त्रीच्या चटक्याचं बोलले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन गेलात.

काल त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या बोथट टोकानं डाग हलकेच घासला. पाच मिनिटांत तो लाल होऊन टम्म फुगला.

"हे भाजलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्वचेतल्या पेशी एका जागी जमून झालेली गाठ आहे. क्वचित दिसते, पण साधी असते. घासलं की फोड येतो. मुलगी मोठी होईल तशी बहुधा जाईल. अंग कोण पुसतं हिचं?"

मी पुसते. रोज सकाळी, कामावर निघायच्या घाईत, खरखरीत टॉवेलनं खसाखसा.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा फोड आला. मी रजा काढलेली, छकुलीजवळ मी एकटीच होते. तेव्हाच मला कळलं, की तुम्ही काही केलेलं नाही. तरी तीन आठवडे पट्टी बांधून मी तो झाकला. तुम्ही निर्दोष ठरलात तर मी कोण ठरणार, एवढंच डोक्यात होतं. जुनीच जखम भरत नाही, असं समजून तुमच्या भावानं दवाखाना गाठला.

त्याला हे अजून ठाऊक नाही. पत्र आधी त्याच्या हाती देणार आहे. पाकिटावरचा पत्ता त्याच्या अक्षरात असेल, तर समजा, त्यानं वाचलंय.

'तुमचीच' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
छकुलीची आई