घरच्यासारखी खोली

मुळशी, ४ डिसेंबर २०२५

ती. गौतमीताईस,
सा. न. अंगणात गाद्या वाळत हायेत, साष्टांगाला जागा न्हाई. नुसताच नमस्कार घे.

तुमच्या वॉर्डनबाईंनी परीक्षेपर्यंत मोबाईल जमा केलेत, म्हणून हे राजूच्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय. आप्पांनी तुझं हॉस्टेल सोडवायचं ठरवलंय. झालं असं, रविवारी लातूरचे चंद्रकांत सर आले. त्यांच्या लेकीला, जुईलीला, हितल्या कॉलेजचं हॉस्टेल सोडून आपली भाड्याची खोली बघायची व्हती. तितल्या डाळीत डाळ सापडत न्हाई म्हणे. आप्पा म्हनले, पोरगी घरच्यासारखी राहील. सरांनी विचारलं, तुमची मुलगी कुटं असते. आप्पा खरं बोलले. सर चहा संपवून उठले.

तवापासून आप्पांचं एकच, आपलीच पोरगी दुसऱ्याच्या हॉस्टेलात, मग गिऱ्हाईक कसं टिकंल. परीक्षा झाली की तुला आणून पुढच्या खोलीत ठेवणार, येणाऱ्याला दिसंल अशी. मी म्हनलं, गळ्यात पाटी बी अडकवू. त्यांनी त्यावर विचार केला.

यायचं नसंल तर कारण लिव, आप्पांना कळंल असं.

लोभ हाय तेवढा पुरं.
तुझा किशा


बावधन, ६ डिसेंबर

चि. किशोर यास अ. आ.

मला यायचं नाही. इथली डाळ तिथल्या डाळीची सख्खी बहीण आहे, अंघोळीला रांग असते, सगळं खरं. पण पुस्तक उघडलं की कुणी हाक मारत नाही, गौतमे, पाहुणे आलेत, चहा टाक. खोली बघायला येईल त्याला आपल्याकडं चहा, आणि चहा म्हणजे मी. बारावीची केमिस्ट्री मी गॅसपाशी वाचली. फार्मसी तशी होणार नाही रे. आप्पांना सांगितलं तर म्हणतात, एका चहानं काय होतंय.

तू यात गंमत करू नकोस. आईला नमस्कार.

लोभ ठेव, अक्कलही ठेव.
ताई


मुळशी, १४ डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

गंमत करू नको म्हणालीस, न्हाई केली. सर परत आले, जुईलीला घेऊन. आप्पा सांगाया लागले, आमची पोरगी बी आता हितंच राहणार. मी मधी तोंड घातलं. म्हनलं, सर, ती घरात असली की तिला पुस्तक सोडून दर पाहुण्याचा चहा करावा लागतो, म्हणून ती हॉस्टेलला गेली. तुमची जुईली भाडेकरू, तिला कोण उठवणार न्हाई.

सरांनी आप्पांना विचारलं, खरं का. आप्पांनी टोपी काढली, परत घातली, म्हनले, व्हय.

जुईलीनं तितल्या तितं खोली घेतली. म्हनली, आमच्या घरी बी असंच हाय, म्हणून तर लातूर सोडून इतक्या लांब शिकाया आले. सर कपात बघत बसले.

आप्पांचा निरोप: तितंच राहा, पेपर नीट लिव.

आत्ता परत खोली बघाया माणसं आली. आई भात झोडायला गेलेली. आप्पांनी हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आन् स्वतःच आत गेले. लई वेळानं बाहेर येऊन मला विचारलं, साखर कुटं असती. मला बी म्हाईत न्हाई.

पाहुणे बसलेत. राजूबरोबर तेवढं कळव.

तुझाच,
किशा