पंखा तीनवर असताना

आई,

गेले तीन आठवडे मी धड एका जागी बसलेलो नाही. ही विचारते, तुम्हाला झालंय तरी काय, चहा उभ्याने पिता, पेपर उभ्याने वाचता. विरारच्या आमच्या फ्लॅटमधून दिवसातून चार वेळा खाली उतरतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि कशासाठी आलो ते न आठवून परत येतो. तुला लिहून पाहावं असं काल वाटलं, म्हणून टेबलाशी बसलो, आणि एवढ्या ओळींत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

निवृत्त झाल्यावर मी एक यंत्र घेतलं. पत्त्यांच्या जोडाएवढं, हातात मावणारं. हवेत रेडिओची कुठली लहर किती जोराची आहे, ते त्याच्या छोट्या पडद्यावर रेघेने दिसतं. जिथे काही नाही तिथे रेघ खाली गवतासारखी हलत राहते, जिथे स्टेशन आहे तिथे सुळका उभा राहतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर म्हणतात त्याला. मी वसई पूर्वेच्या ज्या कारखान्यात देखभालीला होतो, तिथे असं एक होतं, पण ते कपाटाएवढं. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असायचं आणि आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. साहेब यायचे, बटणं फिरवायचे, आम्ही मागे उभे. आता तेच काम करणारं यंत्र स्वस्तात मिळतं आणि खिशात राहतं, यावर माझा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता. तुला माझी खोड माहीत आहे, आलेली वस्तू मी आहे तशी ठेवत नाही. त्याची बॅटरी बदलून मोठी घातली. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा केला. आतला प्रोग्रॅम काढून नवा भरला, त्यात एकदा ते दोन दिवस मेल्यासारखं पडलं होतं. रेघेचा पिवळा रंग डोळ्यांना टोचायचा, तो हिरवा केला. आणि पातळ केबलचा अंगठीएवढा वेढा करून त्याला जोडला. तो वेढा एखाद्या वस्तूजवळ नेला की रेडिओतली खरखर तिच्यातूनच येते का ते कळतं. आमच्या इमारतीत जिकडे न्यावा तिकडे खरखर. दिवे, चार्जर, लिफ्ट, कुणाच्या तरी घरातला इन्व्हर्टर. रेडिओवर मुंबईचं स्टेशनसुद्धा धड लागत नाही.

म्हणून गिरीजला, आपल्या घरी गेलो. वाटलं, वाडीत तरी हवा शांत असेल. आणि होती. विहिरीच्या पलीकडे केळींमध्ये उभा राहिलो तर रेघ अगदी तळाला, मधे दोन-चार सुळके, स्वच्छ. दादा पाइपाला चिंधी गुंडाळत होता. तो म्हणाला, "काय दिसतं?" मी म्हटलं, "काही नाही दिसत, तेच बघायला आलोय." तो हसला. वहिनीने आत बोलावलं. तू गेल्यापासून तुझ्या खोलीत सुपारीची पोती असतात, पण तुझी खाट आहे, तिच्यावर बसलो. मला घाम आलेला पाहून दादाने पंखा लावला. माझ्या मांडीवर यंत्र चालूच होतं. रेघ एकदम वर उठली, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा डोंगर झाला आणि मघाचे सुळके त्यात बुडाले. दादाला म्हटलं, बंद कर. डोंगर बसला. लाव म्हटलं, पुन्हा उठला. उठून भिंतीपाशी गेलो आणि तो वेढा रेग्युलेटरला टेकवला.

तो रेग्युलेटर अजून तोच आहे, आई. पत्र्याची डबी, गोल बटण, आणि एक ते पाच आकडे मी ब्रशने रंगवलेले.

मी तेव्हा नोकरीला नवीन होतो. तुझ्या खोलीत तो जुना काळा रेग्युलेटर होता, विटेएवढा, तापायचा. एका रविवारी मी तो काढून स्वतः बनवलेला बसवला. तू खाली उभी राहून स्टूल धरलं होतंस. बटण फिरवल्यावर पंखा हळूहळू वेग घेतो हे पाहून तू म्हणालीस, "जरा पण गरम होत नाही की." आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींना बोलावून दाखवलास. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. त्यानंतर कधीतरी तू म्हणायला लागलीस की रेडिओ कुरकुरतो. दुपारी जेवणं आटोपली की तू तासभर रेडिओ ऐकायचीस, ती एकच तुझी स्वतःची वेळ. मी तो उघडला, झटकला, सेल बदलले. मग म्हणालो की सेट म्हातारा झालाय. नवीन आणून दिला. तू म्हणालीस, "छान आहे." पुन्हा कुरकुरीचं नाव काढलं नाहीस आणि मी समजलो, दुरुस्त झालं.

आता त्या दुपारी येतो. त्यासाठीच तर हे सगळं चाललंय. रेडिओची माणसं आपल्याकडे आली होती, लग्नातली आपल्या बोलीतली जुनी गाणी रेकॉर्ड करायला. तू आणि वटारची मावशी, दोघी गायलात. हळदीचं एक गाणं तू एकटी गायलीस. दोन महिन्यांनी पत्र आलं की अमक्या दिवशी दुपारी लागणार. मी अर्धी रजा टाकून येतो. मे महिना आहे. खोलीत दहा-बारा बायका, खाटेवर, जमिनीवर, दारात. तू धुतलेलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसलीयस, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखी. मी आल्या आल्या पंखा लावतो, तीनवर, जोरात लावला तर बोलणं ऐकू येणार नाही म्हणून. निवेदिका बोलायला लागते आणि खरखर सुरू होते. मी रेडिओ फिरवतो, उभा करतो, खिडकीत नेतो, वायर लावतो. तू एकदा वर पंख्याकडे बघतेस. मग उठतेस आणि बटणाकडे हात नेतेस. मी म्हणतो, "आई, बस ना तू. बायका घामाघूम झाल्यात, पंखा कशाला बंद करतेस?" सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजातच. तू हात मागे घेतेस आणि बसतेस. गाणं येतं आणि जातं. शेंगा भाजल्यासारखा आवाज, त्याच्या मागे कुठेतरी तू. मी बायकांना सांगतो, "स्टेशनचाच घोटाळा आहे, काही करता येणार नाही." आणि त्या मान डोलावतात, कारण यातलं मला कळतं असं तूच त्यांना सांगितलेलं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्या भिंतीपाशी उभा असताना हे सगळं एकदम आठवलं. मी बटण फिरवत होतो. एकवर डोंगर, दोनवर डोंगर, तीनवर सगळ्यात उंच. पाचवर नेलं तर तो जवळजवळ बसला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, रेडिओत खरखर यायची ना आईच्या, ती यातून यायची."

ती म्हणाली, "हो. माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं मला. रेडिओ लावायचा असला की पंखा बंद करायच्या. नाहीतर पुरा पाचवर. कुणाला गरम होत असलं तर स्वतः डोक्यावरून शाल घेऊन बसायच्या, पण पाचवर. मधे म्हणून कधी ठेवला नाही."

दादा म्हणाला, "मला नाही कधी बोलली."

"तुम्ही लगेच जाऊन भाऊजींना सांगितलं असतं," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी म्हटलं होतं त्यांना, सांगा ना भाऊजींना, ते दुरुस्त करतील. तर म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस येतो, त्यात त्याला चूक कुठे दाखवू." आणि ती चहा बघायला आत गेली. तिने ते मला लागावं म्हणून सांगितलं नाही. पंचवीस-तीस वर्षं जवळ असलेली गोष्ट विचारल्यावर सांगितली, एवढंच.

मी जे यंत्र घेऊन, त्याला वेढे लावून शोधलं, ते तुला नुसत्या कानाने कळलं होतं. कुठल्या आकड्यावर किती, तेसुद्धा. आणि तू कुरकुर म्हणायचीस तेव्हा मी तुला कानांच्या डॉक्टरकडे नेण्याची भाषा करत होतो.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. पहिल्यांदा डोक्यात आलं की ते रेकॉर्डिंग मिळवू. रेडिओच्या केंद्राला पत्र लिहिलं, फोन केले, एकदा स्वतः जाऊन आलो. तिथली बाई भली होती, तिने वह्या काढून पाहिल्या. म्हणाली, तेव्हाच्या टेपा पुन्हा पुन्हा वापरल्या जायच्या, तुमच्यासारखे बरेच जण येतात. मग वटारला गेलो. मावशी आहे अजून. नव्वदीच्या पुढे असेल. ओट्यावर बसून अबोलीच्या वेण्या करते, दिसत नाही तरी बोटं चालतात. मी कोण ते सांगावं लागलं नाही, आवाजावरून ओळखलं. त्या कार्यक्रमाचं विचारलं तर म्हणाली, "ऐकला की. आमच्याकडे छान लागला होता. तुझ्या आईचं गाणं मधोमध घेतलेलं."

मी म्हटलं, "आमच्याकडे नीट ऐकू आलं नाही."

"माहीत आहे मला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत आली होती ती इथे. गिरीजवरून, उन्हाची. म्हणाली, सांग, मी कशी गायले ते सांग."

"मग?"

"मग काय, सांगितलं. पहिल्या ओळीला जरा घाबरलेली वाटलीस, म्हटलं, पुढे मोकळी झालीस. तर म्हणे, पहिली ओळ म्हणून दाखव, कशी घाबरले ती. मी म्हणून दाखवली. खूप हसली. दोनदा म्हणायला लावली."

मी मावशीला विचारलं, आता म्हणता का. तिने वेणी मांडीवर ठेवली, ओठ हलवले आणि म्हणाली, "चाल आहे रे, शब्द नाहीत." चालही तिने धरली नाही. थोड्या वेळाने तिने वेणी पुन्हा हातात घेतली आणि मी निघालो. परत येताना गास गावाच्या रस्त्याला गाडी थांबवली, उगाच यंत्र चालू केलं, बंद केलं.

काल पुन्हा गिरीजला गेलो आणि रेग्युलेटर काढला. दादा स्टूल धरून उभा होता. डबी उघडून त्याला दाखवली. म्हटलं, इथे तारेचा एक वेढा आणि एक कपॅसिटर लागतो, म्हणजे खरखर आतल्या आत अडते, रेडिओपर्यंत जात नाही. तो म्हणाला, "मग तू तेव्हा का नाही घातलास?" मी म्हटलं, "तेव्हा असले भाग आपल्याकडे मिळत नव्हते, दादा." त्याने मान डोलावली. त्याला माझं पटतं, नेहमीच पटत आलंय. मी ते दोन्ही भाग, हल्लीचे लहान मिळतात ते, बसवले, बटण तीनवर ठेवून पाहिलं. रेघ तळाला राहिली. दादा म्हणाला, "झालं की."

आई, ते भाग मिळत होते. कारखान्यातल्या एकाने मला आकृती काढून दिली होती, तिच्यात ते होते. मी ते आणलेही होते. पण ते घातले की डबीचं झाकण बसेना, आणि मला रविवारीच लावून तुला दाखवायचं होतं. मी ते काढून खिशात टाकले. ते नसले तर रेडिओ खरखरेल हे मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला आजवर सांगितलं. त्या माणसाने मला सांगितलं होतं.