बाण नको, आळशी बाई

पोर्ट चाल्मर्स,
शुक्रवार, दुपारच्या चहाआधी

आदरणीय फ्लोराताईंस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (कीबोर्डवरून उचलल्याशिवाय हात जोडता येत नाहीत, आणि ते उचलायला या घरात मनाई आहे. कुणाची मनाई ते पुढे येईलच.) ऑपरेशननंतरची तुमची नवी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली की तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत? मॉसगीलला धुकं फार, सांधे जपा. इकडे दक्षिणेचा वारा सुटला की बंदरातल्या क्रेन रात्रभर कण्हतात, बाकी ठीक. मी जेवतो. खिडकीतल्या आयोनाच्या कुंड्यांना पाणी घालतो, बहुधा जास्तच, कारण त्यातल्या निम्म्या सडल्या.

फोन न करता ईमेलनं पत्र पाठवतो आहे याचा राग मानू नका. फोनवर हल्ली तुम्ही माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोलता की मला वाटतं भलताच नंबर लागला. ज्या बाईनं माझ्या लग्नात, केक मीच भाजलेला असताना, सगळ्यांदेखत विचारलं होतं की "एवढी शिकलेली माझी बहीण आयोना, तिनं या पाववाल्यात पाहिलं तरी काय," तीच बाई आता "जेवलात का हो, डगल?" म्हणते. मला घाम फुटतो.

तर, परवा तुम्ही त्याच आवाजात म्हणालात की तिचं ते काळ्या पडद्याचं प्रकरण आता बंद करा, यंत्र कुणाला तरी देऊन टाका, उगीच जिवाला घोर नको. सल्ला चांगला होता. तो मी का मानला नाही, त्याची ही कैफियत.

आमच्या बोल्स क्लबची, म्हणजे हिरवळीवर गोळे लोळवणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची, शनिवारच्या जोड्यांची सोडत आयोनाचा प्रोग्राम काढतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी हॅटमधून चिठ्ठ्या काढत, आणि चिठ्ठीपेक्षा हॅट कुणाची यावर जास्त भांडणं होत. तिनं प्रोग्राम लिहिला आणि भांडणं मिटली, कारण यंत्राशी भांडण्यात अर्थ नाही आणि आयोनाशी भांडायची कुणाची छाती नव्हती. तो चालवायला एक शब्द टाइप करायचा, की जोड्यांचा कागद बाहेर. तेवढं तिनं मला शिकवून ठेवलं होतं. (आतलं शिकवायलाही ती तयार होती. मी म्हणायचो, तू कुठे माझ्या भट्टीत डोकावतेस?)

मोसमाच्या पहिल्या शनिवारी मी तो शब्द टाइप केला, कागद न वाचताच फळ्यावर लावला आणि चहाची किटली भरायला गेलो. त्या कागदावर नेव्हिल टेटची जोडीदार म्हणून आयोनाचं नाव होतं. ती जूनमध्ये गेली हे यंत्राला कोण सांगणार? ताई, सगळा क्लब त्या फळ्यापुढून गेला आणि कुणी ब्र काढला नाही. नेव्हिल म्हणजे तोच, बिस्किटं मऊ निघाली तरी कमिटी बोलावणारा. तो गुपचूप हिरवळीवर गेला, आपले गोळे लोळवले, मग जरा बाजूला सरकून तिच्या वाटचेही लोळवले, आणि हरला. संध्याकाळी कागद उतरवताना मी वाचलं. नेव्हिल माझ्या मागेच उभा होता. म्हणाला, "वारा आडवा होता रे. नाहीतर आयोनाचा हात असा चुकायचा नाही." मी स्वच्छ किटली पुन्हा घासत बसलो. निघताना त्याच्या बायकोनं चीज रोलचा डबा हातात कोंबला. असल्या डब्यांनी फ्रीजर भरलाय, आणि पाववाल्याच्या घरात दुसऱ्यांचे रोल ठेवायला जागा उरली नाही, ही अब्रू.

नेव्हिलला मी ओळखतो. मोसम संपेपर्यंत तो दोघांचं खेळला असता आणि त्याचे गुडघे गेले असते. म्हणजे तिचं नाव यादीतून काढायला हवं. काम एवढंच होतं, ताई, एक ओळ. बाकी सगळा खटाटोप त्या एका ओळीपायी.

त्यात विद्यापीठानं आपलं यंत्र परत नेलं. (यंत्र त्यांचंच होतं, तक्रार नाही. न्यायला आलेली बाईसुद्धा मऊ आवाजात बोलली.) नेण्याआधी विरेमू परातानं तिचं सगळं काम मी घेतलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. विरेमू आठवतो ना? अंत्यविधीला मागच्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्यानं नाक शिंकरत होता तो. विद्यापीठात जन्मभर दोघांची टेबलं शेजारी आणि भांडण एकच, कोड लिहायला कुणाचा एडिटर (म्हणजे यंत्रातली लिहायची पाटी) खरा. या लोकांत दोन पंथ आहेत. आपल्याकडे कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियनांत बेटीव्यवहार होऊन जमाना झाला, यांच्यात अजून चहासुद्धा वेगळा. आयोना त्याच्या एडिटरला "चाकं लावलेलं कपाट" म्हणायची. तो तिच्या एडिटरला "ज्यातून बाहेर पडायचं दार नाही असं घर" म्हणायचा.

विरेमू फोनवर म्हणाला, "नावच काढायचंय ना? माझा एडिटर टाकतो, एका मिनिटात काढून देतो."

"तिची फाईल? तुझ्या एडिटरात?"

तो म्हणाला, "खरंय. वरून येऊन माझी मानगूट धरेल ती." आणि ज्या पंथाला जन्मभर शिव्या घातल्या त्याचा एडिटर बसवायची आज्ञा त्यानं मला अक्षर अक्षर करून सांगितली.

ती मी टाइप केली. यंत्रानं पासवर्ड मागितला. तो टाइप केला तर पडद्यावर काहीच उमटेना, साधा ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं बटणं बसली. जोरात मारली. (ज्यानं जन्मभर मैदा तिंबला त्याचं "जोरात" म्हणजे टेबलावरचा चहा सांडतो.) यंत्र म्हणालं, पासवर्ड चूक. पुढे कळलं की ते मुद्दामच काही दाखवत नाही, कुणी पाठीमागून बघू नये म्हणून. माझ्या पाठीमागे कोण असणार होतं? असो. मग पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहिला, यंत्रानं एकदा "करू ना?" असं विचारलं, मी "हो" म्हटलं (लग्नानंतर इतक्या गंभीरपणे हो म्हणायची ही पहिलीच वेळ), आणि एडिटर बसला. मी यादीची फाईल उघडली.

उघडली खरी, पण तिथं अक्षर दाबलं की ते लिहिलं जात नाही, आज्ञा म्हणून पाळलं जातं. आधी "आता मी लिहिणार आहे" असं एका बटणानं कळवावं लागतं, मग लिहायचं, मग "झालं लिहून" असंही कळवायचं. हे मला ठाऊक नव्हतं. मी साधं काहीतरी टाइप करून पाहिलं, तर ओळी इकडच्या तिकडे उड्या मारू लागल्या. बाहेर पडायचा रस्ता कुणी सांगितला नव्हता, तेव्हा मी प्लग उपटला. बॅटरी असते हे विसरलो. पडदा तसाच माझ्याकडे बघत होता. शेवटी लॅपटॉप गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मधे ठेवला, दार लावलं आणि त्याला मरू दिलं.

दुसऱ्या दिवशी चार्ज करून तीच फाईल पुन्हा उघडली. आता जे लिहितो त्यावर हसू नका. पडद्यावर सूचना आली: ही फाईल दुसरं कुणीतरी लिहीत असावं.

मी खुर्चीत मागे टेकलो. घरात घड्याळाशिवाय आवाज नव्हता. मी, एकाहत्तर वर्षांचा, पेन्शनीतला पाववाला, तिच्या खोलीच्या दाराकडे बघून म्हणालो, "आयोना?"

विरेमूला बोलावलं. त्यानं सूचना वाचली, हसायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. "डगल, ते दुसरं कुणीतरी म्हणजे तूच रे. टॉवेलातला. काम अर्धवट सोडून गेलास, त्याची नोंद राहिली." तो म्हणतो ते बरोबरच असणार. पण तेवढा वेळ मी घरात एकटा नव्हतो.

मग विरेमूनं तिच्या सगळ्या सवयी एडिटरला लावून दिल्या. त्या एका फाईलमध्ये असतात. ती जागेवर ठेवली की नवा एडिटर जुन्या माणसासारखा वागू लागतो. रंग तिचे, अक्षर तिचं, मोठ्या टायपातलं, चष्मा न लावता दिसणारं. विरेमूची बोटं त्यात अशी चालत होती की मी विचारलं, "तुला हे कसं येतं? तुझा पंथ ना दुसरा?" तो म्हणाला, "तिच्याशी भांडायचं म्हणजे तिची पोथी पाठ नको?" आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला.

तो गेल्यावर मी यादीत डावीकडे जायला बाणाचं बटण दाबलं. पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली: बाण नको, आळशी बाई.

हीसुद्धा या लोकांचीच तऱ्हा. इकडून तिकडे जायला हाताखालचीच चार अक्षरं वापरायची, बाणांकडे हात नेणं म्हणजे पाप. मोडता मोडत नाही ती सवय मोडायला तिनं बाण बंद केले होते आणि जागेवर स्वतःसाठी शिव्या ठेवल्या होत्या. उजवा बाण म्हणतो, "हात जागेवर ठेव." वरचा म्हणतो, "वर काय बघतेस?" खालचा नुसतं विचारतो, "पुन्हा?" त्या दिवसापासून माझ्या घरात मला कुणीतरी बाई म्हणून टाकून बोलतंय, ताई, आणि जूननंतर पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडलाय.

कारण बाकी सगळे मऊ झालेत. कसाई मटण जास्त तोलतो, पोस्टमन हळू बोलतो, नेव्हिल माझ्या किटलीतल्या काळ्या पाण्याला चहा म्हणतो. मला कुणी बोलेनासं झालंय. माणूस गेलं हे त्यावरून जास्त कळतं. विरेमू म्हणाला, "त्या चार ओळी काढून टाकतो, बाण चालू होतील, तुला सोपं जाईल." मी त्याला घराबाहेर काढायचाच बाकी ठेवला.

पण एक घोटाळा झाला. रोज बसायला लागल्यापासून माझी बोटं शिकली. मी त्यांना शिकायला सांगितलं नव्हतं. ती आपली आपण बरोबर अक्षरांवर जातात, आणि बरोबर गेलं की पडदा गप्प. मंगळवारचा अख्खा दिवस तिनं मला एकदाही टोकलं नाही. मी विरेमूला फोन करून म्हटलं, त्या चार अक्षरांवरही शिव्या बसवून दे. तो म्हणाला, "बसवतो. पण मग त्या मी लिहिलेल्या असतील, डगल. तिच्या नव्हेत." मी फोन ठेवला. खरं बोलला म्हणून त्याचा राग आला.

काल, गुरुवारी, मी यादीतून तिचं नाव काढलं. ती यादीत सगळ्यांत शेवटी होती, यजमानीण पंगतीला शेवटी बसते तशी. सोडत काढून पाहिली, नीट निघाली. नेव्हिलचे गुडघे वाचले. यावर आणखी काही लिहीत नाही.

तर हे असं आहे. यंत्र कुणाला देणार नाही. कंबर जपा, शेजारच्या मिसेस रिकेट्सना नमस्कार सांगा, आणि त्यांचं मांजर तुमच्या गाजरांत येत असेल तर मात्र सांगू नका.

तुमचा पाववाला मेहुणा,
डगल मोफॅट

ता. क. सोडत नीट निघाली असं वर लिहिलंय, पण एक माणूस कमी झाल्यामुळे नेव्हिल एकटा उरतो. म्हणून यादीत मी तुमचं नाव घातलं आहे. उद्या साडेबाराच्या बसनं या. कंबरेची सबब सांगू नका. क्लबात तुमची एकच नवी आहे, आम्हा बाकी सगळ्यांच्या जुन्या. येताना तो मऊ आवाज मॉसगीलला ठेवून या. माझा चहा वाईट असतो, कुंड्या मी सडवल्या आहेत, तिच्या खोलीत धूळ आहे आणि माझ्या कोटाला बटण नाही. तुम्हाला बोलायला पुष्कळ आहे. कृपा करून बोला.

आणखी ता. क. नाव काढलं असं लिहिलं ते खोटं आहे. बोट त्या ओळीवर ठेवून मी इतका वेळ बसलो की विरेमूचा चहा गार झाला. तो म्हणाला, "अरे, काढतंय कोण? ओळीच्या आधी ही बारीकशी खूण घाल." या लोकांत नको झालेली ओळ पुसत नाहीत. खूण घातली की यंत्र ती ओलांडून पुढे जातं, माणसाला मात्र ती दिसत राहते. मी विचारलं, "ठेवायची कशाला?" म्हणाला, "न जाणो, लागली तर." "लागेल?" "नाही लागणार," तो म्हणाला. "तरी."

म्हणजे सोडतीत ती नाही, पण यादीत आहे, तुमच्या नावाच्या खालीच. तिथवर जायचं बरोबर अक्षर आता माझ्या बोटांना पाठ आहे. मी खालचा बाण दाबतो. ती विचारते, "पुन्हा?" मी हो म्हणतो आणि पुन्हा दाबतो.