मागचा बाक

ताई,

तू लेकीला माझ्याकडे ठेवून गेलीस. इथली भाषा तिला येईना, म्हणून शाळेने वर्गात मला तिच्याशेजारी बसवलं. बाईंचं वाक्य संपायच्या आत मी ते आपल्या भाषेत तिच्या कानात सांगायचे. ती बाईंकडे बघायचीच नाही. शेवटी बाईंनी मला मागच्या बाकावर धाडलं. मी फुगून बसले.

आज तिने उत्तर द्यायला हात वर केला. मध्येच अडली, पोरं हसली. मी उठणार, तेवढ्यात तिने मागे न बघताच हाताच्या खुणेने मला खाली बसवलं आणि मोडकंतोडकं का होईना, उत्तर पुरं केलं.

घरी येताना म्हणाली, "मावशी, किती गं लुडबुड करतेस! आईला हे मीच सांगणार. तू तोंड उघडायचं नाही."

म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी धाकटी